कप्तानानं सांगितलेलं कारण

गाडी कधी विकावी या विषयावर कप्तानानं आयुष्यात जेवढं तोंड चालवलं, तेवढी सुईसुद्धा चालवली नसेल. आणि सुई हा तर त्याचा धंदा. जुन्या सोफ्यांना, खुर्च्यांना नवं कापड चढवायचं त्याचं दुकान होतं. खाली दुकान, वर घर. पण दर रविवारी सकाळी पेट्रोल पंपाशेजारच्या चहाच्या दुकानात मोटारसायकलवरून लांब पल्ल्याचे प्रवास करणारे बारा-पंधरा जण जमायचे, तिथं तो कप्तान. प्रवासाला निघालं की सगळ्यात पुढे त्याची गाडी. मोठी, रुंद टाकीची, मागे तीन पेट्या लावलेली, आणि मागच्या सीटवर बायको. अठरा वर्षं हा शिरस्ता.

तर त्या चहाच्या दुकानात वाद रंगायचे. एक म्हणे, चाळीस हजार किलोमीटर झाले की काढून टाकावी. दुसरा म्हणे, नवं मॉडेल यायच्या आत काढावी, नाहीतर कुत्रं विचारत नाही. औषधाच्या दुकानवाला म्हणे, टायर बदलायची वेळ आली की टायर बदलू नये, गाडीच बदलावी. कप्तान सगळ्यांचं ऐकून घ्यायचा आणि शेवटी म्हणायचा, "गाडी आपण होऊन सांगते. ऐकायला कान हवेत." मग सगळे माना डोलवायचे. अहो, गाडी काय सांगते कपाळ! पण जो पुढे चालतो त्याचं वाक्य मोठं, ही जगाची रीतच आहे.

या मंडळींची आणखी एक रीत होती. जो गाडी विकेल त्यानं रविवारी सगळ्यांसमोर उभं राहून कारण सांगायचं. आजारपण, बदली, घराचं बांधकाम, अशी कारणं चालायची. कारण पटलं की पुढच्या रविवारी त्याला सगळ्यांच्या पुढे ठेवून एक शेवटची फेरी काढायची. आणि कारण भीतीचं असलं तर? तर त्याला सायकलची घंटी भेट. ही घंटीची कल्पना खुद्द कप्तानाची. चार वर्षांपूर्वी विजेचे मीटर वाचणारा त्यांचा एक जुना सोबती उभा राहून म्हणाला होता, "खरं सांगू का, आता भीती वाटते रे." कप्तानाला आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती, त्यामुळे घंटी त्याच्या खिशात तयार. त्यानं ती काढून ट्रिंग ट्रिंग वाजवली आणि मीटरवाल्याच्या हातात ठेवली. लोक पोट धरधरून हसले. मीटरवालाही हसला, घंटी घेऊन घरी गेला आणि पुन्हा कधी आला नाही.

आता ऐका पुढे काय झालं ते. चार महिन्यांपूर्वी, सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, घाटातला उतार. शंभर वेळा घेतलेलं वळण. वळणात शिरल्यावर कप्तानाला एकाएकी कळेचना की गाडी किती कलवायची. वाळू नव्हती, तेल सांडलं नव्हतं, कुत्रं आडवं आलं नव्हतं. हातांना जे आपोआप यायचं ते त्या क्षणी आलं नाही, बस. त्यानं भलत्या वेळी ब्रेक दाबला, गाडी सरळ झाली आणि थेट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला गेली. समोरून खडीनं भरलेला ट्रक. ट्रकवाला शहाणा, त्यानं आपली चाकं रस्त्याखाली उतरवली म्हणून निभावलं. हातभर अंतर राहिलं असेल. ट्रकच्या चाकाचे नट कप्तानाला मोजता येतील इतके जवळून दिसले.

आणि मागून बायको खो खो हसली. त्याच्या खांद्यावर थाप मारून ओरडली, "काय घेतलंत हो वळण! घ्या ना परत एकदा!"

तिला वाटलं, यानं मुद्दाम गंमत केली. का नाही वाटणार? अठरा वर्षं मागे बसलेली बाई. कप्तानानं पुढे गाडी थांबवली, साखळी बघतो असं सांगून झाडामागे गेला आणि पोटातलं सगळं ओकून आला. ती संत्रं सोलत बसली होती. त्यातल्या दोन फोडी तिनं त्याच्यापुढे धरल्या, त्यानं मुकाट्यानं खाल्ल्या. तिथल्या तिथं बोलला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण माणूस बोलायच्या वेळी गप्प बसतो आणि गप्प बसायच्या वेळी बोलतो.

त्या दिवसापासून गाडी सुरू केली की त्याचे हात गार पडायला लागले. दुकानातून बाजारापर्यंत जायचं तरी अंगाला घाम. दोन प्रवास त्यानं कामाचं निमित्त सांगून टाळले. तिसऱ्या वेळी निमित्त सापडेना. गाडी विकायची हे त्यानं मनाशी पक्कं केलं. पण विकायची तर कारण सांगायला हवं. रविवारी. उभं राहून. आणि ती घंटी त्याच्या डोळ्यांपुढून हलेना.

बायकोला त्यानं सांगितलं, "गाडीचा गिअरबॉक्स जायला आलाय. आता काढली तर काढली, नंतर भंगारवालाही घ्यायचा नाही." तिचा चेहरा उतरला. गाडीवर तिचा जीव याच्यापेक्षाही जास्त होता. पण ती म्हणाली, "तुम्हाला गाडीतलं जास्त कळतं." हे एक खोटं.

दुसरं त्यानं रविवारी सोडलं. सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हिची पाठ गेली रे. डॉक्टर म्हणाले, मागच्या सीटवर बसायचं नाव काढू नका. आणि तिच्याशिवाय मी काय फिरणार?"

बोलून झाल्यावर त्याला वाटलं, जमलं. कुणाचं काही बिघडलं नाही, आपली अब्रू शाबूत राहिली. औषधवाल्याच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. तो म्हणाला, "वहिनींसाठी गाडी सोडतोस, मोठा माणूस आहेस बाबा." कप्तानानं मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं घातली. शेवटची फेरी गिऱ्हाईक ठरल्यावर काढू, असं सांगून त्यानं तीही लांबवली.

आता बायकोबद्दल सांगायला हवं, कारण खरा घाव बसला तो तिला. ती सकाळी सहा वाजता पोहण्याच्या तलावावर शिकवायला जायची. तिची तुकडी म्हणजे चाळिशी उलटलेल्या बायका, ज्यांनी जन्मात पाण्यात पाय घातला नव्हता. तिची शिकवायची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी पाण्यात उतरवायचं नाही. काठावर उभं करायचं आणि एकेकीनं मोठ्यानं म्हणायचं, "मला भीती वाटते." नीट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. जिनं पुटपुटलं तिनं परत म्हणायचं. ती सांगायची, "लाजायचं नाही. भीती पोटात ठेवून पाण्यात उतरलात तर ती तुम्हाला खाली ओढेल. ती काठावर काढून ठेवा." बारा वर्षांत तिनं तीनेकशे बायका पोहायला शिकवल्या. कप्तान मित्रांत बसून या प्रकाराची नक्कल करायचा, बायकी आवाज काढून. आठवलं की आता त्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटायची.

कारण सांगून पंधरा दिवसही झाले नसतील. एका मंगळवारी ती तलावावरून लवकर परत आली आणि वर न जाता सरळ दुकानात शिरली. कप्तान एका जुन्या आरामखुर्चीची पाठ उसवत बसला होता. केस ओले नाहीत, पिशवी कोरडी, हे त्यानं पाहिलं.

"माझी तुकडी काढून घेतली," ती म्हणाली.

"कुणी?"

"मॅनेजरनं. म्हणे, तुमच्या पाठीचं कानावर आलंय. म्हणे, पाण्यात कुणी गटांगळ्या खाल्ल्या तर तुम्ही ओढून कसं काढणार, विम्याचा नियम आहे, आता विश्रांती घ्या. अहो, कसली पाठ? मला कधी साधी उसण भरली नाही! मी त्याला सांगितलं, आत्ता तुला उचलून पाण्यात टाकून दाखवते. तर तो हात जोडतो आणि म्हणतो, त्रास लपवू नका ताई."

कप्तानाच्या हातातली पक्कड तशीच राहिली. औषधवाल्याची बायको तिच्याच तुकडीत होती. त्याच्या डोक्यात सगळा हिशोब क्षणात जुळला: रविवारचा चहा, औषधवाला, त्याची बायको, मॅनेजर. आता बोल, आता बोल, असं आतून कुणीतरी ढकलत होतं. आणि तो काय बोलला माहीत आहे? म्हणाला, "लोकांना काही कामधंदे नाहीत."

ती खुर्चीच्या उघड्या सांगाड्यावर टेकली. म्हणाली, "मला माहीतेय कुणी केलं. त्या उंच बाईनं."

उंच बाई म्हणजे तलावावरची दुसरी शिक्षिका. दोन वर्षांपूर्वी आलेली, तिशीची, घरी लहान मूल, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुकडी आता तिच्याकडे गेली होती. "तिला माझ्या वेळेवर डोळा होताच," बायको म्हणाली. "मी तिला मघाशी सगळ्यांसमोर विचारलं. म्हटलं, माझ्याबद्दल खोटं पसरवून पोट भरतेस, लाज वाटत नाही? तर रडायला लागली. नाटकं नुसती."

चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही अशी. आणि चोर समोर पक्कड धरून बसला होता. "जाऊ दे," तो म्हणाला. एवढंच त्याला सुचलं.

पुढचे दहा दिवस त्याला अन्न गोड लागेना. ती सवयीनं पहाटे उठायची, पिशवी हातात घ्यायची, मग आठवलं की ठेवून द्यायची. सहापासून आठपर्यंत घरात काय करावं तिला कळेना. तिनं डबे घासले, पडदे धुतले, त्याची दोऱ्यांची रिळं रंगांप्रमाणे लावली. तो रोज ठरवायचा, आज सांगू. रोज संध्याकाळ व्हायची. तिची मैत्रीण रस्त्यात भेटली तर म्हणे, "जपून चाल गं," आणि ही घरी येऊन त्याला तिची नक्कल करून दाखवायची आणि हसायची. त्या हसण्यानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

गुरुवारी दुपारी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं. दातांचा डॉक्टर, चाळिशीचा, हसतमुख. खाली वाकून त्यानं गाडी अशी तपासली की कप्तानाला वाटलं, आता म्हणेल 'आ करा'. फोनवर कप्तानानं त्याला खरं ते सांगितलं होतं की गाडी एक नंबर आहे. आणि खोटं ते सांगितलं होतं की बायकोच्या पाठीमुळे काढतोय. ती घरी नसणार अशी वेळ त्यानं मुद्दाम धरली होती. पण टेम्पोतून दुरुस्तीला एक तीन जणांचा सोफा आला, टेम्पोवाल्याबरोबर हमाल नव्हता, आणि ती त्याच वेळी बाजारातून परतत होती. तिनं पिशवी फुटपाथवर ठेवली, पदर खोचला आणि सोफ्याचं एक टोक उचललं. दुसरं टेम्पोवाल्यानं. ती उलट्या पावलांनी आणि तो तिच्यासमोरून, असे दोघं दुकानात शिरले.

डॉक्टर धावला. "वहिनी! अहो ठेवा, ठेवा! तुमची पाठ!"

तिनं सोफा खाली ठेवला. धापसुद्धा लागली नव्हती. "माझी पाठ?"

"यांनी सांगितलं ना मला. त्यासाठीच तर गाडी विकताहेत."

ती म्हणाली, "गाडी विकतोय ती गिअरबॉक्ससाठी. तो जायला आलाय. सांगितलं नाही का यांनी तुम्हाला? अहो, सांगायला नको का?" हे शेवटचं तिनं नवऱ्याकडे वळून विचारलं. अजूनही तिला वाटत होतं की त्यानं गिऱ्हाइकापासून काहीतरी लपवलं. तिच्यापासून काही लपवलं असेल हे तिच्या डोक्यातच येईना.

"गिअरबॉक्स तर छान आहे," डॉक्टर म्हणाला. "मी आत्ताच चालवून पाहिली."

डॉक्टर दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होता. तो माणसांची तोंडं बघणाराच. काहीतरी दुखतंय हे त्यानं ओळखलं, फोन करतो म्हणाला आणि निघून गेला. टेम्पोवालाही गेला.

ती नुकत्याच आणलेल्या सोफ्यावर बसली. "गिअरबॉक्स चांगला. पाठ चांगली. मग बिघडलंय काय?"

"मी," कप्तान म्हणाला.

आणि मग त्यानं सगळं सांगितलं. वळण, ट्रक, चाकाचे नट, झाडामागचं ओकणं, गार पडणारे हात, घंटी, रविवारचं कारण. सांगताना तो तिच्याकडे बघत नव्हता, सोफ्याच्या फाटक्या हातावरचा काथ्या उपटत होता. संपल्यावर ती म्हणाली, "मी हसले होते."

"तुला माहीत नव्हतं."

"मी म्हटलं होतं, परत एकदा घ्या." तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते, पण आवाज चढला होता. "तीनशे बायकांनी येऊन मला सांगितलं की भीती वाटते. परक्या बायकांनी! आणि माझ्या घरातल्या माणसाला ते सांगता येईना? त्यापेक्षा माझी पाठ मोडलेली बरी वाटली तुम्हाला?"

"चुकलो."

"मी त्या पोरीला सगळ्यांसमोर काय काय बोलले माहीत आहे तुम्हाला? ती रडत होती आणि मी नाटकं म्हटलं. मी घरी येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही काय म्हणालात? जाऊ दे!" ती उठली. "रविवारी जा आणि जिथं बोललात तिथंच उलटं बोलून या."

रविवारी तो गेला. अर्धी वाट गाडी ढकलत नेली, पण गेला. सगळे जमल्यावर उभा राहिला. "मी तुमच्याशी खोटं बोललो," तो म्हणाला. "हिची पाठ ठणठणीत आहे. मला भीती वाटते. गाडी चालवायची भीती वाटते, म्हणून विकतोय. माझ्या खोट्यापायी हिची तुकडी गेली."

औषधवाला उठला, आणि या भल्या माणसानं काय करावं? कप्तानाला कडकडून मिठी मारली. "याला म्हणतात नवरा!" तो सगळ्यांना म्हणाला. "वहिनींचं काम परत मिळावं म्हणून स्वतःचं नाक कापून घेतोय. अरे, तू आणि भीती? कुणाला सांगतोस?"

"खरं सांगतोय."

"सांग, सांग. आमची काही हरकत नाही. मी आमच्या हिला सांगतो, मॅनेजरला तसंच सांग म्हणून." आणि त्यानं डोळा मारला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कप्तान जितका शपथा घेई तितका त्यांचा ऊर भरून येई. "मला घंटी द्या," तो शेवटी ओरडला, "अरे, मला घंटी द्या!" तर हशा पिकला. एक जण म्हणाला, तुला घंटी देणाऱ्याचा हात झडेल. खोटं बोललो तेव्हा एका दमात विश्वास ठेवला, आणि खरं बोलतोय तर पालथ्या घड्यावर पाणी. इतकं प्रेम त्याला त्या दुकानात कधी मिळालं नव्हतं, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. आता हा घरी जाऊन बायकोला काय सांगणार? की मी कबूल केलं आणि तुझी पाठ आणखीच मोडली?

त्यानं औषधवाल्याचा दंड धरला. "चल. माझ्या मागे बस. घाटापर्यंत."

औषधवाला चांगला भरभक्कम माणूस. तो हसत हसत बसला. बाकीचे आपापल्या गाड्या काढून मागे निघाले. त्यांना वाटलं, शेवटची फेरीच सुरू झाली. सपाट रस्त्यावर कप्तानानं कसंबसं निभावलं. घाट लागला. पहिलं वळण त्यानं बैलगाडीच्या वेगानं घेतलं. दुसऱ्या वळणाला औषधवाल्याचं बोलणं बंद झालं. तिसरं वळण दिसलं आणि कप्तानानं भर रस्त्यात, अगदी मधोमध, गाडी थांबवली. दोन्ही पाय जमिनीवर टेकले आणि तिथंच राहिला.

मागे मोटारींची रांग लागली. भोंगे सुरू झाले. "बाजूला घे," औषधवाला म्हणाला. "कप्तान, बाजूला घे ना." कप्तानाला ऐकू येत होतं, पण हात हँडलवरून सुटेनात आणि गाडी पुढे जाईना. त्याचे दात वाजत होते. औषधवाला उतरला, समोर येऊन उभा राहिला, त्यानं कप्तानाचं तोंड पाहिलं आणि त्याच्या स्वतःच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यानं कप्तानाची बोटं एकेक करून हँडलवरून सोडवली. चार जणांनी गाडी कडेला ढकलली. कुणी हसलं नाही. "आईशपथ, आम्हाला वाटलं..." एवढं म्हणून औषधवाला थांबला. परतीच्या वाटेवर गाडी त्यानं चालवली आणि कप्तान मागे बसून आला, भर दिवसा, बाजारातून.

सोमवारी औषधवाल्याची बायको स्वतः मॅनेजरकडे गेली. बुधवारी तलावावरून फोन आला, गैरसमज झाला ताई, या तुम्ही. गुरुवारी बायको पिशवी घेऊन गेली, आणि आठ वाजता ओल्या केसांनी परत आली. कप्तानाचा जीव भांड्यात पडला. त्यानं चहा टाकला.

"तुकडी मी परत घेतली नाही," ती कप घेत म्हणाली. "सगळ्या बायकांसमोर त्या पोरीची माफी मागितली. हात जोडून. ती म्हणाली, असू दे ताई. पण माझ्याकडे बघितलं नाही तिनं. म्हटलं, सत्र संपेपर्यंत तुकडी तिचीच. मी तिच्या हाताखाली उभी राहीन."

"बारा वर्षांची तुकडी तुझी."

"हो. पण लोकांसमोर चोर ठरवलं मी तिला. लगेच जाऊन तिच्या हातातून ओढून घेऊ?" तिनं चहा संपवला आणि कप स्वतःच विसळला.

डॉक्टरला कप्तानानं खरं कारण सांगितलं. तो म्हणाला, माझ्याकडे खुर्चीत बसणारी अर्धी माणसं घाबरलेलीच असतात, त्यात काय एवढं. आणि शनिवारी येऊन गाडी घेऊन गेला. बायको खाली आली, तिनं टाकीवरून हात फिरवला, डॉक्टरला म्हणाली, "सावकाश चालवा." गाडी वळून दिसेनाशी झाली तशी ती वर गेली. कप्तानाला वाटलं होतं, तिला रडू येईल, मग तिची समजूत काढता येईल. तशी वेळच आली नाही.

त्याच संध्याकाळी तो वर गेला तेव्हा ती जमिनीवर बसून जुने फोटो बघत होती. अठरा वर्षांचे, सगळे प्रवासांतले. त्याला बरं वाटलं. आठवणी काढतेय, म्हणजे राग निवळला. तो शेजारी टेकला.

"एक विचारू?" ती म्हणाली. "असं किती वेळा झालं होतं?"

"कसं?"

"त्या वळणासारखं. मी मागे हसतेय आणि तुम्हाला माहीत आहे की आपण मरता मरता वाचलो."

"एकदाच. तेवढं एकदाच."

तिनं एक फोटो उचलला. नदीवरचा लांब पूल, तिच्या डोक्यावर हेल्मेट, हसताना डोळे मिटलेले. "इथं तुम्ही एकदम थांबला होतात. म्हणालात, फोटो काढू."

"फोटोच काढायचा होता गं. ऊन छान पडलं होतं."

"बरं," ती म्हणाली, आणि तो फोटो बाजूला ठेवला. दुसरा उचलला. "इथं, धुक्यात?"

"इथंही काही झालं नव्हतं. तुझी शपथ."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. रागानं नाही. मॅनेजरनं तिचं ऐकून घेतलं होतं तसं तिनं त्याचं ऐकून घेतलं. "बरं," ती म्हणाली.

तो खरं बोलत होता. अक्षर न् अक्षर खरं. आणि ते पटवायला आता त्याच्याकडे ना ट्रक होता, ना औषधवाला, ना गाडी. समोर फोटोंचा ढीग होता आणि प्रत्येक फोटोत ती हसत होती. तिनं पुढचा फोटो उचलला, उजेडात धरला आणि विचारलं, "आणि इथं?"